वागळे इस्टेटमधलं टॅली कोपरखैरण्यातून उघडायचं तर

ताई, ऑफिस वागळे इस्टेटला, टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर तिथेच, आणि तुम्हाला रात्री कोपरखैरण्याच्या घरून दोन्ही बघायचंय. कॅमेरेवाला म्हणतो, "राउटरमध्ये पोर्ट ओपन करून देतो, झालं काम." त्याला आधी थांबवा. पोर्ट म्हणजे बाहेरून आत यायचं नंबर लावलेलं दार.

मी ऐरोलीचा, नेटवर्क इंजिनिअर. लांबलांबची ऑफिसं एकमेकांना जोडून देणं हेच माझं रोजचं काम.

३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायच्या विंडोजच्या सोयीचा, ठरलेला पोर्ट. तो इंटरनेटवर उघडा दिसला की बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) पासवर्ड लावून बघायला लागतात. युनिट केवढं लहान आहे हे कुणी विचारत नाही. नंबर बदलला तरी स्कॅनर शोधून काढतो. २०१९ मध्ये जुन्या विंडोजमध्ये ब्ल्यूकीप नावाची त्रुटी सापडली, तिला तर पासवर्डही लागत नव्हता. डीव्हीआरचं त्याहून वाईट. २०१६ चं मिराई बॉटनेट (हॅकरांनी ताब्यात घेतलेल्या उपकरणांचं जाळं) कॅमेरे आणि डीव्हीआरच्या डिफॉल्ट पासवर्डांवरच पोसलं गेलं, आणि आपल्याकडे अजून 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' सुखात नांदतंय.

मी असतो तर वायरगार्ड हा व्हीपीएन, म्हणजे घर आणि ऑफिसमधला इंटरनेटवरचा कुलूपबंद बोगदा, लावला असता. फुकट आहे, २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, विंडोज आणि मोबाइलवरही चालतो. त्यालाही एक पोर्ट लागतो, साधारणपणे यूडीपी ५१८२०, पण ज्याची की (किल्लीसारखा लांबलचक कोड) त्याच्याकडे नोंदलेली नाही त्याला तो उत्तरच देत नाही. स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. टॅली, कॅमेरे, सगळं मग या बोगद्यातून.

आधी राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने राउटरला मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता प्रोव्हायडरने अनेक ग्राहकांत वाटलाय. पोर्ट उघडून काही होणार नाही, कॅमेरेवाल्यालाही जमणार नाही. मग प्रोव्हायडरकडून स्टॅटिक (फक्त तुमचा, न बदलणारा) आयपी घ्या, नाहीतर टेलस्केल ही तयार सेवा वापरा. तेही आतून वायरगार्डच.

हमखास अडकायची जागा म्हणजे घर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१ चीच रेंज (आतल्या आयपी पत्त्यांचा पट्टा) असणं. बोगदा जोडलेला दिसतो आणि टॅलीचा कॉम्प्युटर काही सापडत नाही! ऑफिसची रेंज बदलून घ्या, पण डीव्हीआर आणि प्रिंटरचे आयपीही बदलावे लागतील. शिवाय त्या कॉम्प्युटरवर विंडोज होम असेल तर त्यावर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही, प्रो लागतं.

सेटअप मी करून देतो, पैशांचं बघू नका. वायरगार्डमध्ये प्रत्येकाच्या दोन की असतात. तुमची पब्लिक की इथे उघड टाकलीत तरी चालेल. प्रायव्हेट की कुणालाच नाही, मलाही नाही. राउटरचा पासवर्ड आणि वॅन आयपी इथे लिहू नका. व्हिडिओ कॉलवर मी सांगेन, टाइप तुम्हीच करा. माझी पब्लिक की मेसेजने पाठवीन, ती कॉलवर अक्षर न् अक्षर ताडून घ्या.

शनिवारी दुपारी बसू. ऑफिसात एखादा मुलगा थांबवून ठेवा, राउटर हाताने बंद-चालू करायची वेळ येतेच.