‘बघतो’ म्हणजे हो की नाही?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या ऑनलाइन प्रकल्पाच्या गटात बर्लिनचे तिघं, न्यूयॉर्कची एक आणि इकडचे तुम्ही दोघं, हे वाचून फार आनंद झाला. वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या अशा ऑनलाइन सहअध्ययनाला ‘कॉइल’ म्हणतात. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात २००६ साली त्याचं केंद्र सुरू झालं. पासपोर्ट नसलेल्या मुलांनाही ही संधी मिळते, म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

आधी घड्याळ. आपलं वर्षभर जागेवर असतं, त्यांचं नसतं. उन्हाळ्यासाठी न्यूयॉर्कचं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं, बर्लिनचं शेवटच्या रविवारी. माझ्या पहिल्या प्रकल्पात जर्मनीतली दुपारी तीनची बैठक आपल्याकडे साडेसातला असे. मार्चअखेरच्या सोमवारी आमची मुलं साडेसातला बसली, तर समोर कोणीच नाही. ती मंडळी साडेसहापासून वाट बघून निघून गेली होती. हे मी मुलांना आधी सांगायला हवं होतं, ही रुखरुख अजून आहे.

ती चूक एका मेलने निस्तरली. शब्दाची निस्तरली नाही. तिकडच्या एका मुलीने आमच्या मुलाला विचारलं, सर्वेक्षणाचे प्रश्न गुरुवारपर्यंत होतील का? तो म्हणाला, “येस, येस.” त्याच्या मनात होतं, ‘ऐकलं, बघतो.’ परीक्षा आली होती, जमणार नाही हे त्याला ठाऊक होतं. पण तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटलं. गुरुवारी रात्री तिने एकटीने बसून बारा प्रश्न तयार केले. ती रागावली नाही. तिने त्याला काम देणंच बंद केलं, आणि हुशार पोरगा उरलेले पाच आठवडे नुसता हजेरी लावत राहिला.

म्हणून तू “गुरुवारी जमणार नाही, शनिवारी संध्याकाळी देते” असं स्वच्छ सांग. बैठकीची शेवटची पाच मिनिटं राखून सगळ्यांसमोर टाइप कर: कोण, काय, कधी. महिना अक्षरांत लिही. ५/४ म्हणजे आपला ५ एप्रिल, न्यूयॉर्कचा ४ मे. इंग्रजी बोलताना अडखळलीस तर अडखळ, पण कॅमेरा बंद करून गप्प बसू नकोस. बर्लिनच्या मुलांनाही इंग्रजी शिकावीच लागली असेल.

पहिली बैठक झाली की ते टिपण मला पाठव. तुझ्या नावापुढे काय लिहिलंय, ते आधी बघेन.

तुझा,
सर