पट्टा सोडल्यानंतर काय?

अनेक उत्तम आशीर्वाद.

झिजलेल्या, दुखऱ्या गुडघ्यासाठीच्या पट्ट्याचा तुझा आराखडा नीट वाचला. शेक, कंप आणि हवेचा दाब, तिन्ही एकाच पट्ट्यात बसवायचं तू ठरवलं आहेस. मेहनत दिसते. पण सर्किटला हात लावण्याआधी एवढं ठरव: पट्टा सोडल्यानंतर त्या माणसात काय बदललेलं असेल?

कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, मज्जातंतू नसतात आणि रक्तवाहिन्याही नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतालच्या ऊती. शेकाने झिजलेली कूर्चा भरून येत नाही. ताठरपणा उतरतो आणि दुखणं थोडा वेळ मागे सरतं. तो थोडा वेळच मोलाचा आहे. सुजलेला, दुखरा गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूला पुरता जोर लावू देत नाही. स्नायू रोडावतो, सांध्याचा आधार जातो, दुखणं आणखी वाढतं. यावर उतारा व्यायामाचा, आणि दुखतंय म्हणून नेमका तोच टळतो. म्हणून शेक संपताच तुझ्या उपकरणाने माणसाला सोडून देऊ नये. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, क्षणभर धरायचा, सावकाश खाली आणायचा. एवढं त्याच्याकडून करून घ्यावं. कंपाची मोटर काढ आणि तिथे गुडघ्याचा कोन मोजणारा सेन्सर बसव, असं मी आग्रहाने सांगेन.

टेन्स, म्हणजे त्वचेवरून सौम्य विजेचे झटके देऊन दुखणं कमी करू पाहणारा उपचार, जोडायचा मोह होईल. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या सांधेविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासाठी टेन्सच्या विरोधात ठाम मत दिलं आहे. व्यायाम आणि वाढलेलं वजन उतरवणं यांची शिफारसही तितकीच ठाम आहे.

उष्णतेबाबत मात्र मी कडक राहणार. ४४ अंश सेल्सिअस ऐकायला सौम्य वाटतं, पण तेवढी उष्णता काही तास त्वचेला लागून राहिली तरी भाजतं. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला चटका कळत नाही, आणि पट्टा बांधून झोप लागणं अगदी साहजिक आहे. तापमानाची मर्यादा फक्त सॉफ्टवेअरवर सोपवू नकोस. ठरावीक तापमानाला वीज तोडणारा वेगळा थर्मल फ्यूज आणि आपोआप बंद करणारा टायमर, दोन्ही हवेत. हवेचा दाब पहिल्या नमुन्यातून वगळ. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

मांडी खाली निमुळती होत जाते, त्यामुळे पट्टा घसरतो. शिवाय वापरणाऱ्याला वाकता येत नाही आणि बऱ्याचदा बोटांचे सांधेही दुखत असतात. बारीक बकल चालणार नाही.

चाचणी घेताना सावध राहा. गुडघ्याच्या दुखण्यात खोट्या उपचारानेही लोकांना खरोखर बरं वाटतं. शिवाय माणसं येतात ती दुखणं टिपेला पोचल्यावर, जे पुढे तसंही काहीसं ओसरतं. म्हणून तुलना कर ती गरम पाण्याची पिशवी अधिक तोच व्यायाम, याच्याशी. दुखणं, ताठरपणा आणि हालचालीतली अडचण मोजणारी वोमॅक ही २४ प्रश्नांची प्रश्नावली भरून घे, आणि ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं तेही मोज. या तुलनेचा आराखडा आधी पाठव, सर्किट नंतर पाहू.