मिसरूड कधी फुटणार?

प्रश्न : डॉक्टर काकू, मी इंदूरला नववीत आहे. वय 14 वर्षं 4 महिने, उंची 148 सेंटिमीटर. वर्गातल्या बहुतेक मुलांना मिसरूड फुटलंय, आवाज घोगरे झालेत. मला काहीच नाही. फोन उचलला की पलीकडचे म्हणतात, ‘बेटा, मम्मी को देना.’ नेट प्रॅक्टिसला सगळे छोटू म्हणतात. आईनं जाहिरात बघून उंची वाढवायची पावडर आणलीय. बाबा म्हणतात, मीही असाच होतो. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर : अरे, मिसरूड ही शेवटाकडची गोष्ट आहे आणि तू नेमका तीच आरशात शोधतोयस. मुलगा वयात यायला लागला की सगळ्यात आधी वाढतात ते वृषण. लव, उंचीची उसळी, आवाज फुटणं हे सगळं त्यानंतर. ही सुरुवात 9 ते 14 या वयात कधीही होते. म्हणजे एकाच बाकावरच्या दोघांत चार-पाच वर्षांचं अंतर असलं तरी दोघंही ठणठणीत असू शकतात. मिशीवाला काही जास्त पुरुष नसतो, त्याची गाडी आधी सुटली एवढंच.

माझ्या टेबलाच्या खणात एक माळ असते. बारा लाकडी मणी, सगळ्यात लहान 1 मिलीलिटरचा, मोठा 25 चा. पोरं आधी लाजतात, मग हसतात. वृषणाचा आकार 4 च्या मण्याएवढा झाला की समजायचं, सुरुवात झाली. घरी कुणालाच, खुद्द मुलालाही, हे लक्षात येत नाही. तुझंही तसंच असेल, कुणी सांगावं? पण 14 उलटूनही सुरुवात नसेल तर एकदा दाखवायचंच. तू त्या उंबरठ्यावर आहेस, म्हणून या महिन्यातच बालरोगतज्ज्ञांकडे जा. एमवाय या सरकारी रुग्णालयाचा बालरोग विभागही चालेल. बाबांना बरोबर ने, तपासणीच्या वेळी त्यांना बाहेर बसायला सांगितलंस तरी ते रागावणार नाहीत.

बाबांचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. उशिरा वाढणाऱ्या मुलांत सगळ्यात जास्त आढळणारं कारण आनुवंशिकच असतं. त्यांचा दहावीचा ग्रुप फोटो मागून घे आणि ते कुठल्या रांगेत उभे आहेत ते बघ. आईला पाळी कधी आली, मामा कधी वाढला, तेही विचारून ठेव. डॉक्टर हेच विचारतील.

मग डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे निघेल. क्रिकेट खेळतोस म्हणजे तो तुला ऐकून माहीत असेल. बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या मुलांचं वय पडताळायला हाडांची हीच तपासणी करते. तुझी हाडं समजा बारा वर्षांची निघाली, तर घाबरू नकोस, खूश हो. वाढायला अजून जागा शिल्लक आहे असा त्याचा अर्थ. मुलांची उंची भर उसळीत वर्षाला 9-10 सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि ती उसळी वयात येण्याच्या मधल्या टप्प्यात येते. तोवर दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलीची खूण कर. रोज मोजू नकोस, उगाच डोकं फिरतं.

काही गोष्टी मात्र मला विचारायच्या आहेत. वर्षभरात उंची 4 सेंटिमीटरही वाढली नाही असं आहे का? वजन कमी, पोट सतत बिघडलेलं, रक्त कमी? आपल्या माळव्यात तिन्ही त्रिकाळ गहू, त्यामुळे गहू न सोसणारा सीलियाक आजार तपासून घ्यावाच लागतो. (त्या रक्ततपासणीआधी पोळ्या बंद करू नका, निकाल चुकतो.) थायरॉईडही बघतात. डोकं दुखून नजर अधू होतेय का? सराफा बाजारात जलेबा (मोठी जिलबी) तळतात त्याचा वास तुला येतो ना? वास मुळातच न येणं आणि वयात न येणं, दोन्ही एका जन्मजात दोषात एकत्र दिसतं, म्हणून विचारलं.

पावडर बंद. साखर आणि चॉकलेटची चव यापलीकडे तिच्याकडून मला फारशी आशा नाही. जिममध्ये कुणी ‘भिया, एक इंजेक्शन’ म्हणालं तर तिथून निघ. चुकीच्या हार्मोननं हाडांची टोकं लवकर जुळतात आणि उंची कायमची थांबते. अगदी गरज पडली तर हार्मोनतज्ज्ञ काही महिने टेस्टोस्टेरॉन अगदी कमी मात्रेत देतात, एक्स-रे आणि रक्त तपासून. ते वेगळं.

आणि छोटू म्हणणाऱ्यांना यॉर्कर टाक.

प्रश्न : मुलगी 14 वर्षांची झाली, अजून पाळी नाही. जाऊबाई रोज विचारतात. (एक आई, सुदामानगर)

उत्तर : छातीची वाढ कधी सुरू झाली? त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. बाराव्या वर्षी सुरू झाली असेल तर थांबा. तेरा पूर्ण होऊनही छातीची वाढच नसेल, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी नसेल, तर दाखवा. मुलगी खूप बारीक असेल, जेवण टाळत असेल किंवा खेळाचा सराव फार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. जाऊबाईंना सांगायची गरज नाही.