माळ्यावर सापडलेलं जुनं छोटं वॉशिंग मशीन अंगणात ठेवून वापरता येईल का?

तुम्ही विचारलंय की माळ्यावर सापडलेलं जुनं, चाकांवर ढकलत नेता येणारं दोन टबांचं मशीन अजून फिरतंय, पण घरात जागा नाही. मागच्या अंगणात नळापाशी ठेवून त्यात धुणं धुतलं तर चालेल का, आणि कपडे खरंच स्वच्छ निघतील का.

चालेल, आणि कपडे उत्तम निघतील. मी गेली सात वर्षं असंच उघड्यावर धुणं धुते आहे. न्हाणीघरात पाणी सांडलं की धावपळ होते, अंगणात ती काळजीच नाही. नळी खाली सोडली की पाणी आपसूक उताराला लागतं, आणि पिळलेले कपडे उचलले की दोन पावलांवर दोरी. पण आधी विजेचं सांगते, कारण ते नीट नसेल तर पुढचं काहीच करू नये.

मशीन मिळालं त्याच आठवड्यात मी ते ओल्या फरशीवर लावलं आणि अनवाणीच उभी राहिले. कपडे हलवायला वाकले, कोपर पत्र्याच्या कडेला टेकलं आणि हातभर झिणझिण्या आल्या. जोराचा झटका नव्हता, मुंग्या आल्यासारखं वाटलं. मेन बंद केला, पिन काढली आणि वायरमनला बोलावलं. त्याने मागचा पत्रा उघडून दाखवलं. तीन तारांची मूळ वायर कधीतरी कोणीतरी काढून दोन तारांची बसवली होती, आणि अर्थिंगचा स्क्रू गंजून तसाच रिकामा पडला होता. मोटरमधून पत्र्यावर थोडी वीज उतरत होती आणि तिला जमिनीत जायला माझ्या अंगातूनच वाट होती. घरात कोरड्या फरशीवर, पायात चप्पल असताना हे कदाचित कधी कळलंही नसतं. ओल्या जमिनीवर अशानेच माणसं दगावतात.

तेव्हा मोटर फिरते म्हणजे मशीन ठीक आहे असं धरू नका. वायरमनकडून तीन तारांची नवी वायर आणि पत्र्याला पक्कं अर्थिंग करून घ्या. जुन्या तारांचं रबरी आवरण कडक होतं, वाकवलं की तडकतं आणि आतलं तांबं उघडं पडतं. ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वीज कुठे झिरपते का ते मोजायच्या यंत्राने, मोटरचं इन्सुलेशनही तपासायला सांगा. ते एक मेगओहमच्या खाली भरलं तर मोटर दुरुस्त होईपर्यंत मशीन लावूच नका. ज्या सॉकेटवर ते चालणार त्याला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारी कळ, हवीच. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून ती खरंच पडते ना ते पाहा. एक्स्टेन्शन घेतलंत तर त्याचा जोड जमिनीपासून वर, पाणी उडणार नाही असा टांगा. वायर सॉकेटपाशी जाण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल, आत शिरणार नाही. मशीनला पाणी तापवायचा हीटर असेल तर एक्स्टेन्शनच्या गुंडाळ्याची वायर पूर्ण सोडून घ्या. गुंडाळलेली वायर तेवढ्या भाराने आतल्या आत तापते. आणि पाऊस भुरभुरायला लागला की धुणं थांबवायचं, अर्धं राहिलं तरी.

मोटरला जोडलेल्या कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीसारख्या भागाला, स्वतः हात लावू नका. पिन काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. मशीन १९८०च्या आधीचं असेल तर त्या कपॅसिटरच्या तेलात पीसीबी नावाचं विषारी द्रव्य असण्याची शक्यता आहे. अमेरिकेने १९७९ साली त्याच्या उत्पादनावर बंदी घातली ती त्याच कारणाने. तो फुगलेला किंवा तेलकट दिसला तर उघडू नका आणि रोजच्या कचऱ्यातही टाकू नका. पाठीमागची पाटीही वाचून घ्या. बाहेरदेशातून आलेली काही जुनी मशिनं ११० व्होल्टची असतात, ती २३० व्होल्टवर लावली की मोटर जळते.

आता जागा. मातीवर सरळ ठेवू नका, स्पिनर, म्हणजे कपडे पिळायचा टब, फिरायला लागला की पाय मातीत रुततात, मशीन कलतं आणि आतला टब कडेला घासतो. सपाट फरशी किंवा जाड फळी, वर रबरी चटई, आणि चाकांना अडसर. बऱ्याच जुन्या छोट्या मशिनांत पाणी उपसायचा पंप नसतो, नळी खाली केली की पाणी आपल्या वजनाने निघतं. त्यामुळे मशीन वीतभर उंचावर असलेलं बरं. धुताना मात्र नळी वर आकड्याला अडकवलेली आहे ना ते आधी पाहायचं. ती निसटली तर साबणाचं पाणी मुकाट वाहून जातं आणि कपडे कोरडेच घुसळत बसतात.

आता तुमचा खरा प्रश्न, कपडे स्वच्छ निघतील का. या मशिनांची सगळी खुबी एका पाण्यात अनेक धुणी काढण्यात आहे, आणि तिथे क्रम चुकला की सगळं बिघडतं. मी टबात साधारण ३० लिटर कोमट पाणी घेते. त्यासाठी सकाळीच बादल्या भरून उन्हात ठेवते. आधी पावडर टाकून एक मिनिट रिकामं फिरवायचं, म्हणजे ती कपड्यांच्या घड्यांत अडकत नाही. मग पांढरे कपडे, मग फिके रंग, मग गडद, आणि शेवटी पायपुसणी नि फडकी. प्रत्येक घाण्याला चार ते सहा मिनिटं पुरतात. जास्त वेळ ठेवलं म्हणून जास्त स्वच्छ होत नाहीत, उलट कापड झिजतं. तळाची कपडे घुसळणारी चक्ती एकाच दिशेने फिरणारी असेल तर चादरींचा दोरखंड होतो, म्हणून लांब कपडे एकेकटे टाका आणि मधे थांबवून सोडवून घ्या. कपडे पाण्यात मोकळे उलटेपालटे होताना दिसले पाहिजेत. एकच कपडा वर तरंगत बसला आणि खालचे जागचे हलत नसतील तर टब ठासून भरलाय, दोन कपडे काढा.

बहुतेक जण चुकतात ते विसळताना. धुतलेले कपडे साबणाच्या पाण्यासकट उचलून स्वच्छ पाण्यात टाकतात, आणि मग म्हणतात जुन्या मशीनमध्ये साबण जात नाही. आधी पिळून घ्या, मग विसळा. हिशेब करून पाहा. समजा एका घाण्याच्या न पिळलेल्या कपड्यांत २ लिटर साबणाचं पाणी राहिलं आणि ते २० लिटर स्वच्छ पाण्यात गेलं, तर साबण अकराव्या हिश्श्यावर येतो. तेच कपडे आधी स्पिनरमध्ये पिळून पाऊण लिटरच्या आत आणले तर एकाच विसळण्यात साबण साधारण अठ्ठाविसाव्या हिश्श्यावर येतो. दोन वेळा असं केलं की साबण जवळजवळ उरतच नाही, आणि पाणीही कमी लागतं. मला हे दोन वर्षांनी उमगलं. तोवर काळ्या कपड्यांवर उन्हात पांढरे पट्टे उमटायचे आणि मी पावडरीला दोष द्यायचे.

स्पिनरची मोटर बहुधा टबाला थेट जोडलेली असते आणि ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते. म्हणून कपडे गोल, सगळीकडे सारखे दाबून भरा आणि वर ती भोकांची प्लास्टिकची चकती बसवा. चकती हरवली असेल तर ओला जाड टॉवेल घडी करून वर दाबा. सुरू केल्यावर कान द्या. आधी थडथड, मग आवाज चढत जातो आणि बारीक होतो, आणि नळीच्या तोंडातून येणारी धार तुटून थेंबांवर येते. तिसऱ्या मिनिटाला थेंबही थांबले की काम झालं. थडथड पंधरा-वीस सेकंदांत गेली नाही तर लगेच बंद करून कपडे पुन्हा रचा. झाकण उघडल्यावर टब काही क्षणांत थांबतो का, हे रिकाम्या टबावर आधी बघून घ्या. ब्रेकची तार ढिली झालेली असते कित्येक मशिनांत. फिरत्या टबात हात घालून कपडा ओढला तर तो मनगटाला गुंडाळून हात मोडतो. लहान मुलं आसपास असतील तर या टबापासून हलू नका.

ब्रिटनमध्ये दोन टबांची ही पद्धत घराघरात गेली ती १९५७ साली आलेल्या हूवरमॅटिकसारख्या मशिनांमुळे. त्याआधीची छोटी मशिनं बहुधा एकाच टबाची असत. हूवर कंपनीने १९४८ साली वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या कारखान्यात बनवायला घेतलेल्या मशीनमध्ये टबाच्या बाजूच्या भिंतीत चक्ती होती आणि वर हाताने फिरवायचे पिळायचे रूळ. तुमच्याकडे असे रूळ असते तर सांगितलं असतं की बटणं आत दुमडून घ्या, बोटं लांब ठेवा, आणि काम झालं की रुळांचा दाब सैल करा, कारण दाबून ठेवलेलं रबर चपटं होतं आणि मग कधीच नीट पिळत नाही.

पाण्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अंगणात ते टाळता येत नाही. साबणाचं पहिलं पाणी गटारात. शेवटच्या विसळण्याचं पाणी मी मोठ्या झाडांच्या मुळाशी घालते, रोज एकाच झाडाला नाही, कारण पावडरीतलं सोडियम साठत गेलं की माती घट्ट होते. पालेभाज्यांना ते कधीच नाही, ब्लीच घातलेलं कुठल्याच झाडाला नाही, लंगोट धुतलेलंही नाही. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर सगळंच गटारात सोडा.

वाळत घालण्याबद्दल वेगळं सांगायला नको. फक्त गडद कपडे उलटे करून घाला. यंत्रात पिळलेले असल्यामुळे ते भराभर वाळतात, तेव्हा कडक उन्हात दिवसभर ठेवू नका.

शेवटी पिन काढायची, ती कोरड्या हाताने. मग दोन्ही टब फडक्याने पुसायचे, नळी खाली सोडून तिच्यातलं उरलेलं पाणी काढायचं आणि झाकणं तासभर उघडी ठेवायची. टबाच्या तळाशी किंवा नळीच्या वळणात पाणी साचून राहिलं तर आठवड्याभरात त्यात डास होतात. मशीन सावलीत न्या, नुसतं कापड झाकून उन्हात ठेवू नका. ऊन खाल्लेलं जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि माझ्या झाकणाची बिजागरी अशीच एका उन्हाळ्यात हातात तुटून आली.