कोयना नदी सरळ दक्षिणेकडे का वाहते? आणि तिच्या पुराचं पाणी कोकणात का सोडत नाहीत?

आधी दिशेचं. महाबळेश्वरच्या पठारावरून सावित्री थेट कोकणात उतरते, कृष्णा आणि वेण्णा पूर्वेची वाट धरतात. कोयना मात्र पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार आणि पूर्वेला बामणोलीची रांग यांच्यामधल्या चिंचोळ्या खोऱ्यातून दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटर जवळजवळ सरळ जाते. हेळवाकला काटकोनात वळते आणि पाटणवरून कऱ्हाडला कृष्णेला भिडते. एकूण लांबी सुमारे १३० किलोमीटर.

या सरळपणाचा संबंध भूगर्भातल्या भेगांच्या पट्ट्याशी जोडला जातो. इथे बेसॉल्टची जाडी साधारण एक ते सव्वा किलोमीटर, खाली ग्रॅनाइटी खडक. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप याच पट्ट्यातला. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होण्याचं ते जगभर दिलं जाणारं उदाहरण आहे. तरी ताण खडकात आधीपासून असावा लागतो, हे वादात हमखास विसरलं जातं.

आता पुराचं. कोयना धरणाच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर कोकणात उतरणारा सह्याद्रीचा कडा आहे. तिथल्या सुमारे ४७५ मीटर उताराचा फायदा घेऊन बोगद्यांतून पाणी पोफळीच्या भूमिगत वीजघरात पडतं, पुढे कोळकेवाडी धरणात अडतं, अलोऱ्याला पुन्हा वीज देतं आणि वाशिष्ठीत जातं. वाट तयारच आहे, मग पूरही तिकडेच वळवा, असं ऐकायला सोपं वाटतं. पण १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाणी दिवसभरात काढायचं तर सलग ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) लागतात. वीजघरांची क्षमता आणि उतार यांचा हिशेब मांडला तर सगळे वीजनिर्मिती संच पूर्ण चालूनही पंधरा हजार क्युसेकच्या आसपासच पाणी जातं. मोठ्या पावसात धरणात लाखाच्या घरात येतं. शिवाय तोच पाऊस घाटाखालीही कोसळत असतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठी आधीच दुथडी होती.

कायद्याचीही मर्यादा आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत) पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलं. म्हणून १०५.२५ टीएमसीच्या धरणात खरा उपाय जुलैअखेर पुरेशी जागा रिकामी ठेवण्याचा. त्यात अडचण अशी, की सप्टेंबरचा पाऊस रुसला तर रिकामी जागा भरून निघत नाही, आणि उन्हाळ्यात सिंचन व वीज दोन्हीकडून बोंब होते.