माकडहाड: माकडाला नसलेलं हाड

खानापूरहून एकानं विचारलंय: "माकडहाड हा शब्द बरोबर आहे का? दवाखान्यात डॉक्टर 'बालद एलुबु' म्हणाले, ते वेगळं हाड का?"

हाड एकच. कन्नडात बाल म्हणजे शेपूट, एलुबु म्हणजे हाड. आपल्या कानाला मात्र बाल म्हटलं की मूल. आमची मावशी पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर आपटली तेव्हा डॉक्टरांकडून हाच शब्द ऐकून मला म्हणाली, "बाळाचं हाड कुठलं मोडतंय गा, या साठीत?" रबरी रिंगेवर बसलेली, हसायचीही चोरी.

खरं सांगायचं तर कन्नड शब्द जास्त नेमका. कण्याच्या टोकाचे तीन ते पाच, बहुतेकदा चार, छोटे मणके जुळून हे हाड होतं. गर्भाला चौथ्या-पाचव्या आठवड्यात खरीखुरी शेपटी असते, आठव्याच्या सुमारास ती जिरते. उरतं ते हे. डार्विननं १८७१ साली माणसाच्या वंशावळीबद्दल लिहिताना याचा दाखला दिलाय.

आता जांबोटीच्या रस्त्यावर हातातली पिशवी हिसकावणारं माकड बघा. त्याच्या लांबलचक शेपटीत मणके सुटे, ओळीनं टोकापर्यंत. काळतोंड्या वानराचं तर विचारूच नका. म्हणजे आपल्याकडच्या माकडाला माकडहाड नाहीच! ते आहे बिनशेपटीच्या घराण्यात: गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी या घराण्याची शेपटी गेली. या घराण्याला मराठीत घरगुती नाव नाही. पुस्तकं 'कपी' म्हणतात, पण कपी म्हटलं की आपल्यापुढे मारुती उभा राहतो, आणि त्याची शेपटी तर लंका पेटवणारी.

शास्त्रीय शब्द 'अनुत्रिक'. वरचं हाड त्रिक, त्याच्या मागून येणारं ते अनुत्रिक. तर्काला धरून आहे, पण पडल्यावर कुणी "माझं अनुत्रिक!" म्हणून ओरडल्याचं ऐकलं नाही. ग्रीकांना याच हाडात कोकीळकुळातल्या पक्ष्याची चोच दिसली, त्यावरून डॉक्टरी 'कॉक्सिक्स'. तेव्हा आपलं माकड चालवून घ्यायला हरकत नाही.

लिहिताना शब्द जोडून, नपुंसकलिंगी: माकडहाडाला मार बसला. 'निरुपयोगी अवशेष' मात्र लिहू नका. ओटीपोट खालून तोलून धरणारे स्नायू याला जोडलेले असतात, आणि मागे रेलून बसलं की शरीराचा थोडा भार यावरच येतो. मावशी दीड महिना पुढे वाकूनच बसत होती.