मुलगा नर्सिंगला जायचे म्हणतो तेव्हा

प्रश्न : माझा मुलगा विज्ञान शाखेतून बारावी झाला असून त्याला बी.एस्सी. नर्सिंग करायचे आहे. हे बायकांचे काम, असे त्याचे वडील म्हणतात. काय करावे? (एक आई, सांगली)

उत्तर : त्याला जाऊ द्यावे, पण नियम वाचून. ही समजूत रुग्णसेवेच्या स्वरूपातून आलेली नाही, तर नियमांतून आलेली आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू केलेले प्रशिक्षण स्त्रियांसाठी होते. ब्रिटनच्या १९१९ च्या नोंदणी कायद्याने पुरुष परिचारकांची नोंद वेगळ्या यादीत ठेवली, आणि तेथील रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या परिचारिकांच्या संघटनेने पुरुषांना १९६० पर्यंत सदस्यत्व दिले नव्हते. आपली रुग्णालये इंग्रजी अमदानीत उभी राहिली, तेव्हा ही चौकटही सोबत आली.

अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यात प्रसूतिविद्येचा विषय मुलांनाही असतो, हे त्याला आधीच सांगावे, कारण काही मुले तेथेच बिचकतात. स्त्री रुग्णाची तपासणी किंवा स्वच्छता करताना स्त्री सहकारी सोबत ठेवणे ही साधी शिस्त आहे. अतिदक्षता विभाग, अपघात विभाग आणि शस्त्रक्रियागृह येथे ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, अनेक ठिकाणी दिसतात, पण मुलांनी केवळ तेथेच जावे, असे मी म्हणणार नाही. ‘ताकद लागते म्हणून पुरुष हवेत’ हा युक्तिवाद स्त्रियांवर अन्याय करणारा आहे. रुग्णाला कुशीवर वळवण्याचे काम परिचारिका आजवर करतच आल्या आहेत.

अडचण नोकरीच्या जागांची आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ‘एम्स’च्या नर्सिंग ऑफिसर पदांसाठी २०१९ मध्ये ८० टक्के जागा स्त्रियांना व २० टक्के पुरुषांना, असे प्रमाण ठरले. लष्करी परिचर्या सेवेचा १९४३ चा अध्यादेश तर स्त्रियांचाच विचार करतो. मुलांसाठी सैन्यात नर्सिंग असिस्टंटची वेगळी भरती असते. म्हणून प्रत्येक जाहिरातीतील जागांची विभागणी वाचल्याशिवाय आशा बांधू नये. वडिलांशी बोलताना हीच माहिती पुढे ठेवावी. ‘काळ बदलला आहे’ असे मोघम सांगितल्याने कोणी बदलत नाही.

प्रश्न : नववीच्या वर्गात व्यवसाय मार्गदर्शनाच्या तासाला नर्सिंग किंवा बालशिक्षणाचे नाव निघाले की मुले हसतात. काय करावे? (शिक्षिका, नाशिक जिल्हा)

उत्तर : त्यावर व्याख्यान देऊ नये, हसण्याला आणखी निमित्त मिळते. जिल्हा रुग्णालयातील एखाद्या ब्रदरला बोलावून रात्रपाळीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाकडे कसे लक्ष ठेवले जाते, औषधाची मात्रा कशी मोजली जाते, एवढेच सांगायला लावावे. ‘पुरुष असूनही’ हे शब्द मात्र त्यांच्या ओळखीत नकोत. शिवाय स्नेहसंमेलनात बाके उचलायला मुलगे आणि पाहुण्यांना ओवाळायला मुली, ही वाटणी आपल्याच शाळेत चालू असेल, तर एका तासाने फारसे काही साधणार नाही.

प्रश्न : मला लहान मुलांना शिकवायला आवडते. बालवाडीत मुलग्यांना नोकरी मिळते का? (विद्यार्थी, लातूर)

उत्तर : अंगणवाडी सेविकेचे पद स्त्रियांसाठीच आहे. खासगी बालवाड्यांना बंदी नसली, तरी पालक कुरकुरतात आणि पगार तुटपुंजा असतो. प्राथमिक शिक्षकासाठीची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा हा मार्ग धरल्यास पहिली-दुसरीचे वर्ग मिळू शकतात.

प्रश्न : मी परिचारिका आहे. मुलगे या क्षेत्रात आले की वरची पदेही तेच घेतील, ही माझी भीती चुकीची आहे का? (पुणे)

उत्तर : मुळीच नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ क्रिस्टिन विल्यम्स यांनी परिचर्या, प्राथमिक शिक्षण, ग्रंथालय आणि समाजकार्य या चार क्षेत्रांतील पुरुषांचा अभ्यास करून १९९२ मध्ये दाखवून दिले, की तेथे पुरुषांना अडवण्याऐवजी वर ढकलले जाते. कधी तर त्यांची इच्छा नसतानाही. आपल्याकडे घरचा स्वयंपाक बाईचा आणि लग्नाचा आचारी पुरुष, हे आपण पाहतोच. म्हणून मुलग्यांना येऊ द्यावे, पण पदोन्नतीच्या यादीत स्त्रिया किती व पुरुष किती, हा आकडा तुमच्या संघटनेने दरवर्षी प्रशासनाकडे लेखी मागावा.